भिवंडीस नोकरी, पण बिऱ्हाड कोठें?

नोकरी मनुष्यास गांव सोडावयास लावते. परंतु नव्या मुलखांत बिऱ्हाड कोठें थाटावें हें ती सांगत नाहीं. तो प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावयाचा असतो, आणि बहुधा चार दिवसांच्या घाईंत सोडवावयाचा असतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका भाच्यावर हाच प्रसंग आला. सांगलीकडे वाढलेला हा पदवीधर तरुण. त्यास भिवंडीनजीक माणकोली येथील एका मोठ्या गोदामांत हिशेबनिसाची जागा मिळाली. त्यानें आम्हांस विचारलें, "मामा, तिकडे जागा स्वस्त मिळते असें ऐकतों. गोदामाला लागूनच एखादी घेऊन टाकूं का?" त्या 'घेऊन टाकूं' या शब्दांनीं आम्ही थोडे सावध झालों, आणि "एक रविवार थांब, सूनबाईसही घेऊन ये," असें त्यास कळविलें.

भिवंडीचें नांव काढलें कीं आपल्या पुष्कळ घरांतून अजूनही फक्त मागांचा खडखडाट आठवतो. वस्तुस्थिति आतां बरीच पालटली आहे. ता. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर देशभर लागू झाला. तत्पूर्वीं करांच्या सोयीसाठीं व्यापाऱ्यांना प्रांतोप्रांतीं लहान लहान कोठारें ठेवावीं लागत. ती गरज संपतांच मोक्याच्या जागीं मोठीं गोदामें बांधणें अधिक किफायतशीर ठरलें. मुंबई-आग्रा रस्त्यावरील, बंदराच्या व मुंबईच्या बाजारपेठेच्या जवळची भिवंडी या कामीं सोयीची पडली. माणकोली, दापोडें, वळ, पूर्णा, पडघें या गांवांच्या शिवारांत आज गोदामांच्या रांगा दिसतात. त्यांतच ता. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि नागपुराहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता भिवंडी तालुक्यांतील आमणें येथें येऊन पोंचला. त्यामुळें हमाल व वाहनचालक यांच्याबरोबरच हिशेबनीस, अभियंते, संगणकावर काम करणारे असे सुशिक्षित तरुणही या बाजूस येऊं लागले आहेत.

या तरुणांची पहिली अडचण अशी, कीं मुंबईकडे घर शोधण्याची जी जुनी पद्धति आहे ती येथें लागू पडत नाहीं. इ. स. १८५३ मध्यें आगगाडी ठाण्यास आली, १८५४ मध्यें कल्याणास पोंचली. भिवंडी मात्र त्या मार्गाच्या बाहेरच राहिली. भिवंडी रोड हें स्टेशन आहे, परंतु तें दिवा-वसई फांट्यावर, आणि तेथें उतारूंच्या गाड्या मोजक्याच. 'स्टेशनापासून किती मिनिटें' या एका मापानें मुंबईकर घराची किंमत ठरवितो. येथें कामाची जागाच लोहमार्गापासून दूर असल्यामुळें रस्ता, पूल आणि नाका यांचा विचार आधीं करावा लागतो.

आम्ही त्या रविवारीं प्रथम काल्हेरकडे गेलों. ठाण्याहून खाडीवरील पूल ओलांडला कीं कशेळी, काल्हेर, पूर्णा हा पट्टा लागतो. भाच्याच्या कामाच्या दृष्टीनें ही जागा जवळची. एका चार मजली इमारतींत दोन खोल्या पाहिल्या. भाडें ऐकून भाच्याचा चेहरा खुलला. सूनबाईनें मात्र दलालास शांतपणें विचारलें, "पाणी किती वाजतां येतें, आणि किती वेळ टिकतें?" दलाल म्हणाला, "टँकर येतो ना, ताई." टँकरचे पैसे कोण देतो या प्रश्नास त्याचें उत्तर गुळमुळीत होतें. मग आम्ही इमारतीचे कागद पाहावयास मागितले. त्यानें घरपट्टीची पावती पुढें केली.

येथें आमच्या वाचकांनीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. घरपट्टी भरली म्हणजे इमारत कायदेशीर झाली, असें मुळींच नव्हे. शहरालगतच्या या पट्ट्यांतील बहुतेक गांवांकरितां बांधकामाची परवानगी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. आणि इमारत पुरी झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळालें पाहिजे. तें पाहिल्याविना अनामत रकमेचा एक रुपयाही देऊं नये. "आम्ही कोठें विकत घेतों आहों, भाड्यानेंच तर राहावयाचें आहे," असें पुष्कळ लोक म्हणतात. परंतु छत कोसळतें तेव्हां तें मालक आणि भाडेकरू असा भेद करीत नाहीं. ता. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडींतील पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत पडली, आणि झोपेंत असलेलीं सुमारें ४० माणसें, त्यांत लहान मुलेंही, प्राणांस मुकलीं. ता. २९ एप्रिल २०२३ रोजीं वळपाडा येथील एक इमारत अशीच कोसळून पुन्हा बळी गेले. हीं उदाहरणें भय घालण्यासाठीं दिलेलीं नाहींत. स्वस्त भाड्याचें कारण मालकाचा चांगुलपणा आहे कीं इमारतीचें दुखणें आहे, हें शोधणें किती अगत्याचें आहे, तेवढेंच यांवरून दिसतें. पावसाळ्यापूर्वीं महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते, ती पाहावी. आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें निःसंकोच विचारावें.

दुपारीं आम्ही खुद्द भिवंडी शहरांत गेलों. शहरास नांवें ठेवणाऱ्यांनीं तें एकदां पायीं फिरून पाहावें. उत्तरेकडून आलेले विणकर, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, आणि ब्राह्मण आळीसारख्या जुन्या वस्तींतील मराठी घराणीं अशीं नाना तऱ्हांचीं माणसें येथें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. कोणाच्या शेजारीं राहावयाचें या शंकेनें घर नाकारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. नाकारावयाचें तर तें पाणी, हवा, आवाज आणि सुरक्षितता पाहून नाकारावें. एका गल्लींत जागा चांगली होती, परंतु भिंतीपलीकडे माग चालत होते, आणि ते रात्रींही थांबत नाहींत असें शेजारणीनें सांगितलें. दुसरी जागा सखल भागांत, कामवारी नदीच्या बाजूस होती. दिवस कोरडे होते, म्हणून आम्ही कोपऱ्यावरील वाण्यास विचारलें, "पावसांत पाणी कोठवर येतें?" त्यानें दुकानाच्या फळीवरील डाग दाखविला. घरमालक जें सांगत नाहीं, तें वाणी सांगतो.

सायंकाळीं चहा घेतांना आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावे. काल्हेरची जागा महिना ८,००० रुपये, डोंबिवलीची १२,००० रुपये. म्हणजे वरवर पाहतां ४,००० रुपयांची बचत. परंतु टँकर आणि पिण्याचें पाणी यांत १,२०० गेले. जवळ शाळा नसल्यानें मुलीच्या शाळेच्या गाडीचे १,५०० गेले. उरले १,३००. आतां सूनबाईचें पाहूं. ती औषधशास्त्राची पदवीधर. तिला ठाण्यांत नोकरी मिळण्याचा संभव होता. काल्हेराहून तिला रस्त्यानेंच जावें लागणार, आणि अवजड मालमोटारींच्या दाटींत तो प्रवास कधीं किती वेळ घेईल याचा नेम नाहीं. डोंबिवलीहून तिला थेट लोकल मिळते. दिवसाचा एकच तास वांचला तरी महिन्याचे पंचवीस तास झाले. ते १,३०० रुपयांना विकावे काय?

हा हिशेब पाहून भाचा थोडा वरमला. तो म्हणाला, "मी फक्त माझ्या गोदामापर्यंतचें अंतर मोजलें होतें." आमच्या मतें पुष्कळ घरांत हीच चूक होते. घर निवडतो तो, ज्याला दिवसाचे दहा-बारा तास त्या घरांत राहावयाचें नसतें; आणि त्या निवडीचे परिणाम भोगतात तीं पाणी भरणारी गृहिणी, शाळेंत जाणारीं मुलें आणि दवाखान्याची गरज असलेलीं वृद्ध माणसें. सुदैवानें आतां एक नवी सोय झाली आहे. डोंबिवलीचें मोठागांव आणि माणकोली यांना जोडणारा खाडीवरील पूल २०२५ सालीं वाहतुकीस खुला झाला. त्यामुळें पूर्वीं कल्याणचा वळसा घालून जावें लागे, तें अंतर पुष्कळ कमी झालें. ज्यांचें काम कोन किंवा रांजणोली बाजूस आहे, त्यांनीं कल्याणचा विचार करावा, तेथें इ. स. १८६४ पासूनचें सार्वजनिक वाचनालय आहे, शाळा आहेत, आणि स्टेशनही आहे. मात्र जो पूल, जी मेट्रो आज चालू नाहीं, तिच्या आशेवर आजचें भाडें वाढवून देऊं नये.

जागा ठरल्यावर कराराची पाळी येते. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं, असा एक गोड गैरसमज सर्वत्र आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणें करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, मग त्याची मुदत कितीही असो. आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत, देखभालीचा खर्च कोणाकडे, हें सर्व त्यांत लिहून घ्यावें. विजेचें मागील बिल थकलेलें नाहीं ना, तेंही पाहावें. आणि जागा किमान दोनदां पाहावी: एकदां सकाळीं कामावर जाण्याच्या वेळीं, एकदां रात्रीं जेवणानंतर. रविवारच्या दुपारीं प्रत्येक गल्ली शांत भासते.

भाच्यानें अखेर डोंबिवलीस पश्चिमेकडे दोन खोल्या घेतल्या. इमारतीस उद्वाहक नाहीं, पुलावर कधीं कधीं वाहनें तुंबतात, आणि वाढलेल्या भाड्यामुळें सांगलीच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत, हेंही त्यानें प्रांजळपणें कळविलें. सूनबाईस माघ महिन्यांत ठाण्यास नोकरी लागली. ती आम्हांस म्हणाली, "मामा, पाणी सकाळीं साडेसहाला येतें. तेवढ्यांत माझें सगळें आवरून होतें." आमच्या ज्या वाचकांच्या घरीं आज असाच प्रश्न पडला असेल, त्यांनीं भाडें विचारण्यापूर्वीं पाण्याची वेळ विचारावी, आणि तो प्रश्न विचारण्याकरितां घरांतील बाईमाणसास बरोबर न्यावें, एवढीच आमची सूचना आहे.