पैनगंगा खडकात शिरते तिथे

नागपुरात कळमन्याच्या बाजाराला आज सुट्टी, म्हणून आडतीवरची आम्ही मंडळी पहाटेच निघालो आहोत. वर्धा, यवतमाळ, आर्णी, उमरखेड करत ढाणकीच्या पुढे येईपर्यंत उन्हं वर आली आहेत. श्रावण आहे. पुढची पायवाट ओली आहे. सगळ्यांनी चपला हातात घेतल्या आहेत.

आणि समोर सहस्रकुंडचा धबधबा.

अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पैनगंगा इथवर पसरट, संथ येते. काळ्या कातळावर पोचली की तिचे फाटे होतात, फाट्यांचे पुन्हा फाटे, आणि कड्यावरून खाली येताना कुठली धार कुठून आली ते सांगता येत नाही. उंची फार नाही, तीस-चाळीस फूट असेल. पण रुंदी अशी की मान वळवत पाहावं लागतं. खाली तेच सगळं पाणी अरुंद घळीत दाटतं, भिंतींवर आपटतं आणि धुरासारखे तुषार आमच्यापर्यंत येतात. गढूळ पाण्याचा मातकट वास नाकात बसला आहे.

पायाशी खडकात एक खळगा आहे, ताटाएवढा. मी त्यात हात घालतो. कडा काचेसारख्या गुळगुळीत, तळाशी चार गोटे. पूर आला की हे गोटे भोवऱ्यात सापडून गरगर फिरतात आणि बसाल्टसारखा कठीण खडक हळूहळू कोरत नेतात. हाताला तो गुळगुळीतपणा लागतो तेव्हा वरच्या गर्जनेपेक्षा मला हेच काम मोठं वाटतं.

"समोर नोको जाऊ बाप्पा, शेवाळ हाय!" भुट्टे भाजणाऱ्या मावशी ओरडतात. दोन पोरं मोबाइल उंच धरून कड्याकडे निघाली आहेत. आमच्यातले काकाजी त्यांना दंडाला धरून मागे आणतात. मला हे फार गरजेचं वाटतं. वर इसापूरचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं तर इथला कोरडा खडक बघता बघता बुडतो.

पलीकडच्या काठावर महादेवाच्या देवळात घंटा वाजते आहे. बेलाची पानं घेतलेल्या बायांची रांग इथून दिसते. परशुरामाच्या बाणाने नदीच्या अशा धारा झाल्या, असं इकडे सांगतात. ती रांग नांदेड जिल्ह्यात, आम्ही यवतमाळ जिल्ह्यात. १९४७ पर्यंत हा काठ इंग्रजांच्या कारभारातल्या वऱ्हाडात होता आणि तो काठ निजामाच्या राज्यात. १९५६ मध्ये दोन्ही काठ मुंबई राज्यात आले. त्याआधी, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, कायदा वेगळा, कचेऱ्या वेगळ्या. आज पलीकडची पोरं आमच्याकडे पाहून हात हलवतात, आमची पोरं शिट्ट्या मारतात. पाण्याच्या आवाजात काहीच ऐकू जात नाही, तरी दोन्हीकडून चाललंच आहे.

मावशींची माहेरची माणसं इस्लापूरला, म्हणजे पलीकडे. "तिकडून पाह्यलं का?" त्या मला विचारतात. "तिकडून धार पुरी दिसते. इकडून अर्धीच." भुट्ट्यावर लिंबू-मीठ चोळता चोळता त्या रस्ता समजावतात. वळसा लांबचा आहे.

काकाजी घड्याळ बघतात. डबे अजून उघडलेले नाहीत. मग तेच म्हणतात, जेवण पलीकडे करू, महादेवाचं दर्शनही होईल. आम्ही चपला पुन्हा हातात घेतो आणि गाडीकडे वळतो.