सॉफ्टवेअरची दूरस्थ स्थापना व पडताळणी

सॉफ्टवेअरची दूरस्थ स्थापना म्हणजे कार्यालयातील अनेक संगणकांवर, प्रत्येक संगणकापाशी प्रत्यक्ष न जाता, एका मध्यवर्ती ठिकाणाहून आवश्यक सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत होय. ते बसले की नाही हे त्याच मध्यवर्ती यंत्रणेने तपासणे, याला स्थापना-पडताळणी म्हणतात. या दोन क्रिया एकाच कामाचे भाग वाटत असल्या तरी त्या परस्परांहून स्वतंत्र आहेत, आणि या क्षेत्रातील पुष्कळसे बिघाड त्या दोहोंमधील फटीतच सापडतात. कधी सॉफ्टवेअर बसलेले असते, पण यंत्रणेला ते दिसत नाही. कधी यंत्रणेच्या तक्त्यात ते बसलेले दिसते, पण संगणकावर काम होत नाही. पहिला प्रकार तंत्रज्ञाला छळतो. दुसऱ्याची झळ खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला बसते.

पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत हा विषय शासकीय कामकाजाशी थेट जोडलेला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातील सात तालुक्यांपैकी हे दोन सर्वाधिक डोंगराळ व विखुरलेल्या वस्तीचे आहेत. शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग जातो, तर मुरबाडची मुख्य भिस्त कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तहसील कार्यालय, पंचायत समिती, भूमी अभिलेख व दुय्यम निबंधक कार्यालये तालुक्याच्या गावी असतात. परंतु तलाठी सज्जे व ग्रामपंचायती डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई अशा दूरवरच्या गावांतून पसरलेल्या आहेत. एका संगणकातील बिघाडासाठी तंत्रज्ञाने तेथवर जाणे म्हणजे बहुधा दिवस मोडणे. दूरस्थ स्थापनेचे महत्त्व येथे शहरापेक्षा अधिक आहे ते यामुळे.

राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. त्याअंतर्गत महाराष्ट्रात सातबारा व फेरफार यांचे संगणकीकरण झाले. ई-फेरफार ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केली असून २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना मिळू लागला. अशा स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने कायदेशीर मान्यता दिली आहे. तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) व मंडळ अधिकारी यांच्या संगणकाला त्यामुळे केवळ न्याहाळक पुरत नाही. स्वाक्षरीची गुप्त कळ ज्या यूएसबी टोकनमध्ये असते त्या टोकनचे चालक सॉफ्टवेअर, संकेतस्थळ व टोकन यांच्यात दुवा साधणारी छोटी सेवा, मराठी युनिकोड टंक आणि इनस्क्रिप्ट कळफलक हे सारे जागच्या जागी असावे लागते. यांतील एक कडी निसटली तरी उतारा पडद्यावर दिसतो, पण स्वाक्षरी होत नाही.

नोंद आणि ताबा

पडताळणीचे स्वरूप समजून घेण्यास महसुली व्यवहारातील एक भेद उपयोगी पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. प्रत्यक्षात जमीन कोण कसतो हे मात्र बांधावर गेल्यावरच कळते. संगणकाचेही तसेच आहे. विंडोज कार्यप्रणालीत ‘रजिस्ट्री’ नावाचे एक दप्तर असते, आणि सॉफ्टवेअर बसवताना त्यात नोंद होते. पडताळणी करणारी यंत्रणा बहुधा ही नोंद वाचते आणि तीच खरी धरून चालते. सॉफ्टवेअरचा प्रत्यक्ष ताबा आहे की नाही, म्हणजे ते चालते की नाही, हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो.

लिनक्समधील डेबियन कुटुंबाची ‘डीपीकेजी’ ही व्यवस्था या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. ‘बसलेले’ आणि ‘न बसलेले’ यांच्या मधल्या अवस्थांना, म्हणजे नुसते उलगडलेले, अर्धवट बसलेले, अर्धवट जुळवलेले यांना, तिने स्वतंत्र नावे दिली आहेत. मराठीत मूर्ती घरी आणणे आणि तिची प्रतिष्ठापना होणे यांत फरक केला जातो, त्यातलाच हा प्रकार.

स्थापनेची रीत

मायक्रोसॉफ्टचे ‘सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ १९९४ साली आले. विंडोज २००० बरोबर ‘ग्रुप पॉलिसी’ आली. ‘इंट्यून’ ही मेघाधारित सेवा २०११ पासून आहे. साधने बदलली तरी रीत साधारण तीच राहिली. प्रत्येक संगणकावर मध्यवर्ती यंत्रणेचा एक प्रतिनिधी-प्रोग्राम असतो. तो ठरावीक वेळाने सर्व्हरकडे विचारणा करतो, गठ्ठा उतरवून घेतो, कोणतीही खिडकी न उघडता तो बसवतो, आणि अखेरीस निष्कर्ष कळवतो. निष्कर्ष दोन प्रकारे काढला जातो: बसवणाऱ्या प्रोग्रामने परत दिलेल्या निर्गमन क्रमांकावरून आणि त्यानंतर लगेच केलेल्या पडताळणीवरून.

पडताळणीचे निकष आणि त्यांचे फसणे

निकष प्रामुख्याने चार असतात: विशिष्ट संचिका विशिष्ट जागी आहे का, रजिस्ट्रीत विशिष्ट नोंद आहे का, ‘विंडोज इन्स्टॉलर’ने (१९९९) दिलेला उत्पादन-संकेतांक सापडतो का, आणि व्यवस्थापकाने स्वतः लिहिलेली तपासणी-आज्ञावली होकार देते का. चौथा निकष सर्वांत लवचीक असला तरी तो लिहिणाराही चुकू शकतो. इंट्यूनमध्ये अशा आज्ञावलीने शून्य क्रमांक परत देणे पुरेसे नसते. तिने काहीतरी मजकूरही छापावा लागतो. मजकूर नसेल, तर सॉफ्टवेअर असूनही ‘आढळले नाही’ असाच निर्णय होतो.

सर्वाधिक गोंधळ ३२-बिट व ६४-बिट या भेदाने होतो. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट सॉफ्टवेअरसाठी ‘प्रोग्राम फाइल्स’चे व रजिस्ट्रीचे वेगळे कप्पे असतात. ३२-बिट प्रतिनिधी रजिस्ट्री वाचू लागला की कार्यप्रणाली त्याला निमूटपणे आपल्या कप्प्याकडे वळवते. मग समोर असलेली नोंद त्याला दिसत नाही. हे त्याला वा व्यवस्थापकाला कोणी सांगतही नाही.

दुसरा भेद ‘कोणासाठी बसवले’ याचा. दूरस्थ स्थापना ‘सिस्टिम’ या अंतर्गत खात्याच्या नावाने होते, तर हाताने बसवलेले सॉफ्टवेअर पुष्कळदा फक्त त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरते बसते. मराठी टंक हे याचे ठळक उदाहरण आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून साध्या वापरकर्त्याने बसवलेला टंक विंडोजच्या सामाईक टंक-कप्प्यात न जाता त्याच्या खासगी कप्प्यात जातो. त्यामुळे दोन विपरीत गोष्टी घडतात. टंक वापरात असताना यंत्रणा तो नाही असे सांगते. आणि बदली होऊन नवा कर्मचारी आपल्या खात्याने त्याच लॅपटॉपवर आला, की कालपर्यंत ‘होता’ तो टंक नाहीसा होतो. बदल्यांच्या हंगामात अशा तक्रारी वाढल्या तर संगणकाला दोष देण्यापूर्वी ही बाब तपासावी.

तिसरा घोटाळा आवृत्तीचा. न्याहाळकासारखे सॉफ्टवेअर स्वतःहून अद्ययावत होते. निकषात ‘नेमकी हीच आवृत्ती’ असे लिहिले असेल, तर काही दिवसांत ते ‘आढळेनासे’ होते आणि यंत्रणा जुनी आवृत्ती पुन्हा बसवू पाहते. ‘ही किंवा हिच्या पुढची’ असा निकष ठेवल्यास हा खेळ थांबतो.

डिजिटल स्वाक्षरीची सेवा ही यापुढची पायरी आहे. पूर्वी न्याहाळकात जोडलेल्या पूरक भागांतून स्वाक्षरी होत असे; २०१५ मध्ये क्रोमने त्या जुन्या पद्धतीचे पूरक भाग बंद केल्यावर संगणकातच पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवेकडे संकेतस्थळे वळली. संकेतस्थळ या सेवेला हाक मारून पाहते. उत्तर आले नाही तर ‘सॉफ्टवेअर बसवलेले नाही’ असा संदेश देते. प्रत्यक्षात ते बसलेले असते, फक्त चालू नसते. संदेशाची ही शब्दयोजनाच सदोष आहे. तिच्यावर विसंबून कर्मचारी तेच सॉफ्टवेअर तीन-तीन वेळा बसवत राहतात.

बिघाडाचा शोध

शोधाची सुरुवात तक्त्यापासून न करता संगणकापासून करावी. सॉफ्टवेअर उघडते का, हा पहिला प्रश्न. उघडत असेल तर चूक निकषात आहे. उघडत नसेल तर स्थापनेत. एवढ्या एका उत्तराने अर्धे काम हलके होते.

स्थापनेत चूक असल्यास निर्गमन क्रमांक पाहावा. ० म्हणजे यश. १६१८ म्हणजे दुसरी स्थापना आधीच चालू आहे. येथे थांबून पुन्हा प्रयत्न करणे एवढेच पुरते. १६३८ म्हणजे त्याच उत्पादनाची दुसरी आवृत्ती आधीच बसलेली आहे. १६०३ हा मात्र केवळ ‘घातक चूक’ असे सांगून गप्प बसतो. अशा वेळी इन्स्टॉलरची सविस्तर नोंदसंचिका उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावेत. खरे कारण बहुधा त्याच्या लगेच वरच्या ओळींत असते.

३०१० या क्रमांकाचा अर्थ ‘यश, पण संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक’ असा आहे. यातील अडचण सवयीची आहे. संध्याकाळी संगणक बंद करून सकाळी चालू करणे म्हणजे तो पुन्हा सुरू करणेच, असे कोणालाही वाटेल. परंतु विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीमुळे बंद करताना कार्यप्रणालीचा गाभा निद्रावस्थेत साठवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. टोकनचे चालक सॉफ्टवेअर मग आठवडाभर अर्धवट राहू शकते. ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडण्यास फोनवर स्पष्ट सांगावे लागते.

काही स्थापना-प्रोग्राम स्वतःचे काम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवून लगेच बाहेर पडतात. यंत्रणा त्याच क्षणी पडताळणी करते आणि अपयश नोंदवते. पाच मिनिटांनी सॉफ्टवेअर व्यवस्थित बसलेले असते. याउलट एखादा प्रोग्राम ‘पुढे जाऊ का?’ असे विचारून थांबतो. ती खिडकी सिस्टिम खात्यात उघडलेली असल्यामुळे कोणालाच दिसत नाही, आणि मुदत संपेपर्यंत तो उत्तराची वाट पाहतो. म्हणून नवा गठ्ठा आधी एका संगणकावर सिस्टिम खात्यानेच चालवून पाहण्याची प्रथा आहे. आपल्या व्यवस्थापक-खात्याने घेतलेली चाचणी येथे फारशी कामाची नाही.

दुर्गम भागातील विशेष अडचणी

५०० मेगाबाइटचा गठ्ठा प्रतिसेकंद २ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर उतरण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतात. त्याच जोडणीवर दहा संगणक असतील तर साडेपाच तास, आणि तेवढा वेळ नागरिकांचे काम खोळंबते. यावर उपाय म्हणजे गठ्ठा एका संगणकाने उतरवून शेजारच्या संगणकांना देणे. विंडोज १० पासून ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ने ही सोय उपलब्ध आहे. सज्जातील एकट्या लॅपटॉपला तिचा लाभ नाही. तो तालुक्याच्या बैठकीला आणला जाईल त्या दिवशी कार्यालयाच्या जोडणीवर काम उरकून घेणे अधिक व्यवहार्य ठरते.

एक क्षुल्लक वाटणारे कारण शेवटी तपासले जाते, ते आधी तपासावे. जुन्या संगणकाच्या मुख्य पट्टीवरील नाण्याएवढा सेल संपला, की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र ‘अद्याप लागू न झालेले’ ठरते, प्रतिनिधी-प्रोग्रामचा संपर्क तुटतो, स्वाक्षरीही नाकारली जाते. मध्यवर्ती तक्त्यात मात्र त्या संगणकाची शेवटची स्थिती, बहुधा यशाची, तशीच दिसत राहते. त्यामुळे तक्ता वाचताना ‘बसले’ या शब्दाशेजारी शेवटच्या संपर्काची तारीखही वाचावी लागते. स्वाक्षरीच्या सॉफ्टवेअरबाबत तर एक नमुना-दस्तऐवज टोकनने प्रत्यक्ष स्वाक्षरित करून पाहणे, हीच पुरी पडणारी चाचणी आहे. त्यासाठी टोकनधारक अधिकारी स्वतः संगणकापाशी असावा लागतो, कारण पिन त्याच्याखेरीज कोणी वापरणे योग्य नाही.