श्रीलंकेची यात्रा आणि समुद्राची ओळख

थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची शाखा घेऊन ज्या द्वीपावर उतरल्या, आणि १९५० मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी जेथे गेले, त्या श्रीलंकेविषयी आपल्या समाजास जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. अनुराधपूरचा महाबोधी आणि कँडीचे दंतधातू मंदिर पाहण्यास विदर्भातूनही उपासक-उपासिका जातात. यात्रा आखताना विहारांची व स्तूपांची यादी होते. समुद्र त्या यादीत क्वचितच असतो. तो वाटेत, एखाद्या सायंकाळी, सहज भेटतो. त्या भेटीची पूर्वतयारी व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

विहिरीचे पाणी आणि समुद्राचे पाणी

आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून दूर आहे. आपली मुले पोहण्यास शिकतात ती विहिरीत, तलावात किंवा नदीच्या डोहात. विहिरीचे पाणी खोल असले तरी जागेवर असते. समुद्राचे पाणी जागेवर नसते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी वाळूच्या दांड्यांमधील एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत परतते. या वाटेवर लाटा कमी फुटतात, पाणी गडद व शांत दिसते. म्हणून नवखा मनुष्य नेमकी तीच जागा निवडतो.

हा प्रवाह माणसास तळाशी नेत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. त्याच्या विरुद्ध पोहणारा उत्तम पोहणाराही थकतो, आणि थकल्यामुळे बुडतो. अशा वेळी अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी. शक्ती असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे आणि मगच किनाऱ्याकडे वळावे. वाचवण्यासाठी दुसऱ्याने उडी घेऊ नये; रिकामा प्लास्टिकचा डबा किंवा दोर फेकावा व जीवरक्षकास बोलवावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, हे पालकांनी विसरू नये.

महिना कोणता?

उन्हाळी सुट्टी आणि वैशाख पौर्णिमा यांमुळे आपल्याला मे महिना सोयीचा वाटतो. परंतु मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे कोलंबो, हिक्कडुवा, गॉल या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. त्रिंकोमालीकडील पूर्व किनारा त्या वेळी तुलनेने शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत स्थिती उलट होते. लाल निशाण असलेल्या, अथवा जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरूच नये.

समुद्र मागे सरला तर

२६ डिसेंबर २००४ हा श्रीलंकेत उंदुवप पोयाचा, म्हणजे संघमित्रांच्या आगमनाच्या स्मरणाचा पौर्णिमेचा दिवस होता. त्या सकाळी सुनामीने तेथे ३० हजारांहून अधिक बळी घेतले. पेरालिया येथे पहिल्या लाटेनंतर लोकांनी थांबलेल्या रेल्वेगाडीचा आश्रय घेतला. त्यामागून आलेल्या मोठ्या लाटेने ती गाडीच उलथवली आणि एक हजाराहून अधिक माणसे गेली. काही ठिकाणी समुद्र दूर मागे सरला, तेव्हा उघडा पडलेला तळ पाहण्यास लोक पुढे गेले होते. पाणी अकस्मात ओसरले, किंवा किनाऱ्यावर भूकंपाचा धक्का जाणवला, तर सामान सोडून उंच जागी जावे आणि पहिल्या लाटेनंतर खाली उतरू नये.

जमिनीवरील सावधगिरी

विदर्भातील कोरडे ऊन सोसणाऱ्यास किनाऱ्यावरचे ऊन सौम्य भासते. परंतु दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. वृद्धांनी स्तूपांचे दर्शन सकाळी लवकर घ्यावे. अनवाणी चालताना दुपारची फरशी पाय पोळते. सिगिरियाच्या सुमारे १२०० पायऱ्या हृदयविकार असणाऱ्यांनी टाळाव्यात. डेंग्यूचे डास दिवसा चावतात; म्हणून अंगभर कपडे घालावेत आणि ताप आल्यास स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या न घेता डॉक्टरांकडे जावे.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अवमानकारक मानले जाते. अंगावर बुद्धप्रतिमा गोंदवलेल्या आपल्या तरुणांनी हेही जाणून घ्यावे, की २०१४ मध्ये दंडावर अशी प्रतिमा असलेल्या एका ब्रिटिश महिलेस अटक करून परत पाठवण्यात आले होते. पुढे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली. तरीही बाहीने गोंदण झाकणे हेच शहाणपणाचे.

पोलिसांसाठी ११९ आणि मोफत रुग्णवाहिकेसाठी १९९० हे क्रमांक प्रत्येकाच्या खिशात लिहून ठेवावेत. ही रुग्णवाहिका सेवा २०१६ मध्ये भारताच्या साहाय्याने सुरू झाली.

तथागतांच्या शिकवणीत अप्रमादाला, म्हणजे सदैव जागरूक राहण्याला, मोठे स्थान आहे. अप्रमाद विहारात पाळावा आणि वाळूवर विसरावा, असे होऊ नये. यात्रेस निघालेले सर्वजण घरी सुखरूप परतले, तरच यात्रा पूर्ण झाली असे म्हणता येईल.