वलयं बांधणाऱ्यांचं दशक

हस्तता (डाव्या-उजव्या हातांसारखी दोन प्रतिबिंब-रूपं) असलेल्या कार्बनी वलयांवरचे नवे शोधनिबंध हल्ली एकाच आकड्याची स्पर्धा लढवतात. तो आकडा म्हणजे g. रेणूने बाहेर टाकलेल्या प्रकाशातल्या डाव्या आणि उजव्या वर्तुळ-ध्रुवित किरणांमधली तफावत तो सांगतो. त्याची कमाल मर्यादा २. ज्यांनी ही वलयं मुळात बांधून दाखवली, त्यांच्या कष्टांची आठवण या शर्यतीत पुसली जाते आहे.

पहिला प्रयत्न भारतीय होता. १९३४ साली पारेख आणि गुहा यांनी गंधकयुक्त वलयातून गंधक काढून निव्वळ बेन्झिनचं वलय मिळवायची धडपड केली. ती फसली. आज आढाव्यांत त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते, आणि हे सलतं. पुढच्या सात दशकांत १९९३ चे फोग्टल यांचे प्रयत्न वगळता थांबावं असं फार थोडं आहे.

मग आलं २००८. बेन्झिनला सपाट राहायचं असतं. त्याला वाकवून गोलात बसवायचं तर प्रचंड ताण. बर्कलीत रमेश जस्ती आणि कॅरोलिन बर्टोझी यांनी आधी वाकडे, बेन्झिन नसलेले तुकडे जोडून वलय बंद केलं आणि शेवटी उणे ७८ अंशांना त्या तुकड्यांचं बेन्झिन केलं. हाती आली ९, १२ आणि १८ बेन्झिनची वलयं. वर्षभरात नागोयात इतामी यांनी इंग्रजी एल आकाराचे सायक्लोहेक्झेनचे तुकडे वापरून नेमकं बाराचं वलय घडवलं. २०१० मध्ये क्योटोत यामागो यांनी कोपऱ्यांवर प्लॅटिनम बसवून आठाचं. तीन प्रयोगशाळा, तीन स्वतंत्र वाटा! आणि या रेणूंनी जुना पाठ उलटवला: साखळी लांबली की प्रकाश तांबड्याकडे सरकतो, इथे मात्र वलय लहान झालं की. पाच-सहा बेन्झिनची वलयं तर उजळतच नाहीत.

पण साध्या वलयातले बेन्झिन स्वतःभोवती फिरत राहतात, त्यामुळे हस्तता टिकत नाही. हिरोयुकी इसोबे यांच्या गटाने २०११ मध्ये क्रायसीन या रेणूच्या चार रुंद फळ्या वलयात जोडल्या. त्या अडकून बसल्या, म्हणून डाव्या-उजव्या हातांसारखी प्रतिबिंब-रूपं वेगळी करता आली. २०१७ मध्ये त्यांच्याच गटाने g मोजला: ०.१५२. साध्या सेंद्रिय रेणूंत तो बहुधा हजारांश ते शतांश असतो. ०.१५२ म्हणजे शंभर फोटॉनांत सुमारे ५४ एका हाताचे, ४६ दुसऱ्या. कारण वलयाच्या घडणीतच होतं: उत्तेजित विद्युतभार नळीसारख्या वलयाभोवती घुमतो, त्यातून मोठा चुंबकीय आघूर्ण तयार होतो आणि तो विद्युत आघूर्णाच्या दिशेतच असतो.

या संशोधनाच्या समर्थनार्थ ओएलईडी पडद्यांचं नाव हमखास घेतलं जातं. परावर्तन रोखणारा ध्रुवक पडद्याचा निम्मा प्रकाश गिळतो. प्रकाश योग्य हाताचा निघाला तर तो वाचेल. हे खरं आहे, पण त्यासाठी रेणू भरपूर उजळायलाही हवा. पिसाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये शोषण, प्रकाशक्षमता आणि g यांचा एकत्र गुणाकार सुचवला. मंद रेणूचा मोठा g त्या हिशोबात उघडा पडतो. तरी अनेक निबंधांच्या सारांशात आजही g एकटाच झळकतो, आणि रेणू किती मिलिग्रॅम मिळाला ते पुरवणीत शोधावं लागतं.