कपाशीची बहीण, आपल्या ताटातली भेंडी

पावसाळ्यात पारशिवनीहून कोणत्याही गावाच्या वाटेला लागा, एकीकडे धान तर दुसरीकडे पऱ्हाटी दिसतेच. या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर किंवा ओळींच्या मधे पुष्कळदा भेंडीची दहा-वीस झाडे असतात. निंदण आटोपून परतताना बाया ओट्यात भेंडी खुडून आणतात आणि रात्री दस्तरखानावर भेंडीचे सालन येते. ही भेंडी घरात आणावी की नाही, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो का पडायला हवा, हे समजण्यासाठी भेंडीचे नातेगोते आधी पाहावे लागेल.

सकाळच्या वेळी भेंडीचे आणि कपाशीचे फूल शेजारी ठेवून पाहा. दोन्हींना पाच पाकळ्या, मधोमध नळीसारखा दांडा आणि त्याला चिकटलेले पुंकेसर. जास्वंदीत हाच दांडा लांब बाहेर आलेला दिसतो. अंबाडी आणि गुलखैरा यांचीही हीच खूण. वनस्पतिशास्त्रात या खानदानाला भेंडी कुल म्हणतात. भेंडीत जो बुळबुळीत चीक असतो, तोही खानदानी आहे. युनानी जोशांद्यात खत्मी आणि खुब्बाजी घालतात, त्याही याच कुळातल्या. त्यांचा चीक खवखवणाऱ्या घशाला आराम देतो.

आपल्या दस्तरखानाशी या कुळाचे नाते जुने आहे. भेंडीला अरबीत बामिया म्हणतात. अंदलुसचे वनस्पतीतज्ज्ञ अबुल अब्बास अन-नबाती इ.स. १२१६ मध्ये मिसरला गेले, तेव्हा तिथे भेंडीची लागवड होते आणि लोक ती जेवणात खातात, असे त्यांनी नोंदवले. आपण अंबाडीच्या ज्या लाल बोंडांची चटणी करतो, त्यांचेच सरबत मिसर आणि सुदानमध्ये करकदे नावाने पितात.

पण खानदान एक म्हटले की दुश्मनही एकच. पांढरी माशी, तुडतुडे, मावा आणि ठिपक्यांची बोंडअळी जशी कपाशीवर येतात, तशीच भेंडीवर. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडतात तो केवडा रोग पांढरी माशीच पसरवते. किडींना भेंडी इतकी आवडते, की कपाशीभोवती भेंडीची एक ओळ सापळा पीक म्हणून लावण्याचा सल्ला शेतीतज्ज्ञ देतात. कीड आधी भेंडीवर यावी आणि कपाशी वाचावी, हा त्यातला हेतू. म्हणजे धुऱ्यावरची ती भेंडी आपल्यासाठी नाही, किडीसाठी लावलेली असते. फवारणीचा पंप पऱ्हाटीवर चालतो तेव्हा तीही न्हाऊन निघते.

आपण सहज म्हणतो, ‘पऱ्हाटीला औषध मारले.’ ते औषध नाही, जहर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. डब्यावरचा रंगीत त्रिकोण हेच सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. डब्यावर आणखी एक आकडा असतो. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, तो प्रतीक्षा काळ. कपाशीच्या कित्येक औषधांचा हा काळ १५ दिवसांपासून महिन्याहून अधिक असतो. भेंडी मात्र दर दुसऱ्या दिवशी तोडावी लागते, नाहीतर ती जून होते. हा हिशेब जुळायचा कसा? भेंडी धुऊन घेतली की झाले, असेही नाही. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरते, ते पाण्याने जात नाही.

म्हणून फवारलेल्या पऱ्हाटीतली भेंडी घरी आणू नये, शेजारी वाटू नये आणि बाजारातही नेऊ नये. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला दाणा बाहेर काढणाऱ्या आणि ग्राहकाला फसवणारा आपल्यातला नाही असे बजावणाऱ्या रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण इथे लागू होते. ओला दाणा निदान हाताला कळतो, भेंडीतले जहर कळतही नाही. अन्न हलाल असावे तसेच ते तय्यब, म्हणजे शुद्धही असावे.

यावर उपाय आपल्या अंगणात आहे. पऱ्हाटीपासून शक्य तितकी दूर, दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडा. जागा नसेल तर फूटभर खोलीची जुनी बादली किंवा माती भरलेले पोतेही चालते. पेरणी जूनमध्ये पावसाच्या सुरुवातीला किंवा जानेवारीच्या अखेरीस थंडी ओसरल्यावर करा. कडाक्याच्या थंडीत बी उगवत नाही. बी रात्रभर भिजवा, एका जागी दोन-तीन दाणे टोका आणि पुढे एकच जोमदार रोप ठेवा. दोन रोपांत फूटभर अंतर असू द्या. साधारण ४० ते ४५ दिवसांनी फूल येते आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला मिळते. चार-पाच माणसांच्या घराला २० ते २५ झाडे पुरतात.

बियाणे शक्यतो सरळ वाणाचे घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा एका रानटी नातेवाईकाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण काढला, तो केवडा रोगाला तोंड देण्यासाठी. त्याचे बी घरी राखता येते, संकरित वाणाचे पुढच्या वर्षी तसेच निघत नाही. पिवळ्या शिरांचे झाड दिसताच उपटून पुरून टाका. शेंडा माना टाकू लागला तर आत अळी आहे असे समजून तो तोडून नष्ट करा. माव्या-तुडतुड्यांसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सकाळ-संध्याकाळच्या उन्हाआड फवारा.

ज्याने रोप लावले, त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने काही खाल्ले तर तेही लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, असा हदीसचा आशय आहे. येत्या पावसाळ्यात घरातल्या मुलांच्या हाताने चार दाणे टोकू या. त्या झाडाची भेंडी शेजारच्या घरी पाठवताना मनात शंका राहणार नाही.