हा आदिवासी नेमका कुठला?

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून मॅडम मागे लागल्या, तेव्हा मी 'मोबाईल : शाप की वरदान' लिहिणार होते. (तो विषय दरवर्षी कोणीतरी लिहितंच, यंदा माझ्यामुळे वाचलात!) पण गेल्या दिवाळीत घरी एक प्रसंग घडला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

माझं गाव सावली. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाणारी एसटी आमच्या गावावरूनच जाते. माझी रूममेट भामरागडकडची, माडिया. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी निघाली, पण गडचिरोलीहून पुढची गाडी मिळणार नव्हती म्हणून एक रात्र आमच्याकडे थांबली. जेवणं झाली आणि आईनं नेहमीप्रमाणे जुना अल्बम काढला. आईला कोणी पाहुणा सापडला की अल्बम निघालाच म्हणून समजा. पहिल्या वाढदिवसाचे फोटो झाले, बाबांच्या मांडीवरचे झाले आणि मग तो फोटो आला.

मी दुसरीत. कमरेला पळसाच्या पानांचा घागरा, डोक्यात कोंबडीची पिसं, गळ्यात हाडांसारखी दिसणारी प्लास्टिकची माळ, हातात भाला आणि तोंडापासून पायापर्यंत काळं बूट पॉलिश! शाळेतल्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेतला फोटो. स्टेजवर जाऊन मी "झिंगालाला हुर्र हुर्र" असं ओरडत उड्या मारल्या होत्या आणि अख्खा हॉल पोट धरून हसला होता.

"पाय ना बाई, आमच्या पोरीनं पयला नंबर मारला होता!" आई कौतुकानं म्हणाली.

रूममेट हसली. "छान आहे काकू," म्हणाली आणि पान उलटलं. रात्री लाइट बंद केल्यावर मात्र तिनं हळूच विचारलं, "तो फोटोत तू काय झाली होतीस?"

"आदिवासी," मी म्हणाले. तोंडातून शब्द निघाला आणि त्याच क्षणी कळलं की आपण काय बोललो.

"कुठला?"

बस, एवढंच विचारलं तिनं. रागावून नाही, खरोखर माहिती हवी असल्यासारखं. मला उत्तर देता आलं नाही.

सुट्टीनंतर होस्टेलला परत आले तरी तो प्रश्न सुटेना. शेवटी इंजिनियरिंगची मुलगी ना मी! मशीन समजत नसेल तर पार्ट सुटे करून बघायचे, हे आपल्याला वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षीच शिकवतात. मीही तो ड्रेस डोक्यात सुटा केला.

आधी डोक्यावरची पिसं. गोल पट्टीत उभी पिसं खोचण्याची ही पद्धत आपल्याकडे काउबॉयच्या सिनेमांतून आणि कॉमिक्समधून आली. ती उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या लाकोटासारख्या जमातींची. तिथे ते पीस सहज कोणी लावत नाही, पराक्रम केल्याबद्दल ते मिळवावं लागतं. आपल्या सैनिकाच्या छातीवरचं पदक असतं ना, तसं. मग पानांचा घागरा. गवताचे, पानांचे घागरे ही पॅसिफिक महासागरातल्या बेटांची चीज. हाडांची माळ आणि भाला बहुतेक आफ्रिकेवरच्या कार्टूनमधून आलेला, ज्यात गोऱ्या माणसाला मोठ्या हंड्यात उकळत ठेवलेलं असतं. तोंडावर हात मारत काढलेला "हू हू हू" आवाज पुन्हा हॉलिवूडचा. आणि झिंगालाला? ती तर जगातली कुठलीच भाषा नाही. हिंदी सिनेमानं घडवलेला आवाज आहे तो.

राहिलं काळं पॉलिश. अमेरिकेत १८३० च्या दशकापासून गोरे नट तोंडाला काळं फासून गुलाम काळ्या लोकांची नक्कल करत आणि लोक तिकीट काढून ती बघायला जात. नकलेतला काळा माणूस नेहमी आळशी, मूर्ख आणि सदा नाचणारा. गुलामी कायद्यानं संपली तरी हे खेळ पुढे कित्येक वर्षं चालले. आज तिथे तोंडाला काळं फासणं ही अत्यंत लाजिरवाणी गोष्ट मानतात. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांना २०१९ साली जाहीर माफी मागावी लागली, कारण २००१ मधल्या एका पार्टीत त्यांनी तोंडाला रंग लावून 'अरेबियन नाइट्स'चा वेश केला होता. तेव्हा ते शिक्षक होते!

(गंमत म्हणजे सावलीत पॉलिशची गरजच काय? आमच्याकडे रोवणीच्या दिवसात आठ दिवस बांधीत उतरा, रंग आपोआप येतो. मी तशीही काळीसावळीच. तरी त्या दिवशी अर्धी डबी संपली.)

म्हणजे बघा, माझ्या त्या ड्रेसमध्ये तीन खंड होते, पण वैनगंगेपलीकडचं काहीच नव्हतं. माझ्या घरापासून नदी जवळ. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३८ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. माझ्या वर्गात गोंड मुलं होती. आमच्याकडे दळण घेऊन येणारे काका गोंड होते. त्यांच्यापैकी कोणीही माझ्या ड्रेससारखं दिसत नव्हतं, आणि तरीही आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं की 'आदिवासी' म्हणजे हाच! डोळ्यांसमोरचा माणूस खोटा आणि भाड्याच्या ड्रेसवाल्याच्या दुकानातलं गाठोडं खरं.

मग खरं काय? मी रूममेटलाच विचारलं. ती आधी स्वतःच्या जीन्सकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बघ, माडिया ड्रेस." मग सांगितलं. तिची आजी गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसते, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळांचा भार, कपाळावर आणि हातांवर गोंदण. आई साधी पाचवारी नेसते. बाबा शर्ट-पॅन्ट. सणाला, लग्नात रेला नाचतात तेव्हा पुरुष फेटा बांधतात, त्यात मोरपिसं खोचतात, ढोल वाजतो. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या रॅलीत पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे. म्हणजे स्वतः नटायचं ठरवलं की ही माणसं नखशिखांत नटतात. पानं बांधून कोणी येत नाही.

आणि 'आदिवासी' ही काही एक जमात नाही. गोंड, माडिया, कोलाम, परधान... प्रत्येकाचं वेगळं. त्यातले माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या महाराष्ट्रातल्या तीन जमाती सरकारनं विशेष असुरक्षित म्हणून नोंदवल्या आहेत. मला हे एमपीएससीच्या पुस्तकातून कळलं. शेजारच्या नदीपलीकडची गोष्ट गाइडमधून!

हे सगळं मी मेसमध्ये बोलले तेव्हा टेबलावर भांडणच झालं. एकजण म्हणाली, "अगं लहान मुलं असतात, एवढं काय मनावर घ्यायचं? आपण मावळा होतो, पंजाबी होतो, कोळीण होतो. मग तेही बंद करायचं का?" प्रश्न योग्य आहे. मलाही सगळं बंद झालेलं नको आहे. आम्ही झाडीपट्टीची माणसं, सोंग घेणं आमच्या रक्तात. धान निघालं की गावोगाव मंडप पडतात, रात्रभर नाटकं चालतात. दंडारीत पुरुष लुगडं नेसून नाचतात आणि म्हातारे त्यांना बक्षीस देतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. तेव्हा वेश बदलण्याला माझा विरोध असूच शकत नाही.

पण फरक बघा. पंजाबी झालेल्या मुलाला आपण खरी पगडी बांधतो, भांगडा शिकवतो, तो रुबाबदार दिसावा म्हणून धडपडतो. मावळा झाला तर छाती पुढे काढून चाल म्हणतो. आदिवासी झालेल्या मुलाला मात्र लोक हसले तरच नंबर मिळतो. आणि खालच्या सतरंजीवर बसलेली गोंड मुलं? तीही त्या दिवशी हसली होती, मला आठवतं. दुसरं काय करणार होती?

रूममेट अकरावीला शहरात आली तेव्हा वर्गातल्या एकीनं तिला विचारलं, "तुमच्याकडे कपडे घालतात का गं?" वर्षभर तिचं नाव झिंगालाला होतं. बारावीला तिनं गाव सांगणंच सोडलं, नुसतं "गडचिरोली" म्हणायची. विचारणारी मुलगी काही दुष्ट नसणार. तिनंही लहानपणी माझ्यासारखीच एखादी स्पर्धा बघितली असेल, इतकंच.

दुसऱ्या देशांत यावर बरंच बोलून झालंय. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये पोस्टर काढली होती. प्रत्येक पोस्टरवर एक खरा विद्यार्थी आणि त्याच्या हातात त्याच्याच समाजाच्या 'ड्रेस'मधल्या कोणाचा तरी फोटो. म्हणणं असं की आम्ही संस्कृती आहोत, वेशभूषा नाही. २०१६ मध्ये डिस्नेनं 'मोआना' सिनेमातल्या माउईचा ड्रेस लहान मुलांसाठी विकायला काढला. अंगभर तपकिरी कापड आणि त्यावर छापलेलं गोंदण! पॅसिफिक बेटांवरच्या लोकांनी विचारलं, आमची कातडी तुम्ही मुलांना घालायला देता? डिस्नेनं ड्रेस मागे घेतला. ते वाचताना मला माझी पॉलिशची डबी आठवली.

आमच्या शाळेच्या स्पर्धेत दरवर्षी निदान तीन गांधी असायचे. सावलीत ते साहजिक आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन आमच्या गावात भरलं होतं, त्याला स्वतः गांधीजी आले होते, आणि खादीचं काम गावात चालायचं. आता गांधीही उघडेच! पण १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा नेसला तो गरिबांसारखं राहायचं म्हणून, आणि जन्मभर नेसला. चर्चिलनं १९३१ मध्ये 'अर्धनग्न फकीर' म्हणून त्याचीच टिंगल केली. कपडा तोच, पण बघणाऱ्याची नजर कशी बदलते! आणि गांधी झालेल्या मुलाला दोन वाक्यं पाठ करावी लागतात, जन्म कुठे झाला ते सांगावं लागतं. आदिवासी झालेल्या मला नावच नव्हतं.

नाव द्यायचं तर आपल्याकडे कमी आहेत का? रोज ज्या जटपुरा गेटखालून आपण जातो तो परकोट गोंड राजांचा. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेईपर्यंत चांदा गोंडांचंच होतं. बीरशहाची समाधी बांधणारी राणी हिराई इथलीच. एखादी मुलगी राणी हिराई झाली तर? किंवा एखादा मुलगा बाबूराव शेडमाके. मोलमपल्लीच्या जमीनदाराचा मुलगा, रायपूरला शिकलेला, इंग्रजांविरुद्ध लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या जेलमध्ये फासावर गेला, वय फक्त पंचवीस. आपल्यातले काही बॅक राहून त्या वयाला अजून बीई करतायत! असो.

आता मुद्द्याचं. यंदाच्या गॅदरिंगला एका दिवसाची थीम 'ट्रायबल' ठरली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. मी कमिटीकडे गेले. बॅनर छापून झालाय, आता बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं. त्यांचाही नाइलाज असेल. त्या दिवशी हॉलमध्ये खूप पानं आणि खूप पॉलिश होतं, आणि माझी रूममेट मेसमध्ये एकटी बसून थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवत होती. मीही तिच्याबरोबर बसले. गणित एकही सुटलं नाही.

पुढच्या वर्षासाठी मात्र तिनं एक अट घातली आहे. आम्ही आठजणी तिच्याकडून रेला शिकणार, कपडे तिची आई सांगेल ते, आणि गाण्याचा अर्थ आधी स्टेजवरून सांगायचा. परीक्षा संपल्यापासून होस्टेलच्या गच्चीवर प्रॅक्टिस चालू आहे. एकमेकींच्या कमरेत हात घालून पाय एकत्र टाकायचा असतो, तो आमचा अजून पडत नाही. काल ती वैतागून म्हणाली, "झिंगालाला बरं जमत होतं तुला!"