शंका पुरेशी आहे : बाल अत्याचाराची खबर आणि नागरिकांचे कर्तव्य

उपचारांसाठी आणलेल्या बालकाच्या अंगावरील इजा आणि पालकांनी सांगितलेले कारण यांचा मेळ बसत नाही, तेव्हा डॉक्टरांच्या मनात शंका येते. तशी शंका शेजारी, शिक्षक वा नातेवाईक यांनाही येते. परंतु पुरावा नसल्याने व दुसऱ्याच्या घरातील प्रश्न म्हणून बहुतेकजण गप्प राहतात.

लैंगिक अत्याचाराबाबत कायद्याने या संकोचास जागा ठेवलेली नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार, १८ वर्षांखालील बालकाबाबत असा अपराध घडल्याचे ज्ञात असलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. घडलेला अपराध दडविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डॉक्टरही यास अपवाद नाहीत. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर मात्र कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

मूल बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे. उलटतपासणी करू नये, संशयितास परस्पर जाब विचारू नये व मुलाचे नाव कोठेही उघड करू नये. १०९८ या क्रमांकावर विनाशुल्क दूरध्वनी करता येतो. मारहाण व उपासमारीच्या प्रकरणांतही तो उपयोगी पडतो. लैंगिक अत्याचारग्रस्त बालकावर सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य उपचार करणे आवश्यक आहे. खर्चाच्या भीतीने कुटुंबीयांनी थांबू नये.

खरेखोटे पारखण्याचे काम तपास यंत्रणेचे व न्यायालयाचे आहे. वेळीच कळविण्याचे कर्तव्य प्रत्येक सुजाण नागरिकाने पार पाडावे, ही नम्र विनंती.